बटरपेपरवरचा धूर

खिल्लारे सरांची आणि माझी पहिली भेट कनेरगाव नाक्यावर झाली, आणि तीही आम्हा दोघांची गाडी चुकली म्हणून. वाशिमला एका नातेवाइकाच्या दुकानात मला चिकटवायचं घरच्यांनी ठरवलं होतं. हिंगोलीहून एसटीत बसलो, नाक्यावर गाडी चहापाण्याला थांबली, मी खाली उतरलो. धाब्याच्या मागं एक जण मेंढ्यांची लोकर कातरत होता. ते पाहत उभा राहिलो आणि गाडी निघून गेली. पुढच्या अंगाला येऊन पाहतो तर आणखी एक गृहस्थ मागं राहिलेले. पन्नाशीच्या पुढचे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत कागदाची गुंडाळी. ते धाब्याच्या बाजेवर उभे राहून आभाळाकडं पाहत होते. गाडी गेली याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं.

धाबेवाला म्हणाला, "सर, उतरा खाली. बाज मोडन."

"मोडली तर सुतळी आणा, विणून देतो," सर म्हणाले. "मला एवढंच सांगा, हा धूर कुठून येऊन राहिला?"

"माझ्या भट्टीचा असन."

"तुमच्या भट्टीचा धूर त्या पिंपळापर्यंत जातो अन् तिथंच संपतो. हा वाशिमाच्याही पलीकडून आलाय."

"मग वाशिमवाल्याइले विचारा नं. मला काहून विचारून राहिले?"

सर हसले आणि माझ्याकडं वळले. "तुमचं काय मत?"

मला 'तुमचं मत' असं तोवर कोणी विचारलं नव्हतं. बी.ए.चं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडलेल्या, तीन गावांत तीन कामं धरून सोडलेल्या पोराला लोक मत विचारत नाहीत, सुनावतात. मी म्हणालो, वास लाकडाचा वाटत नाही, वाळल्या गवताचा वाटतो. सर बाजेवरून खाली उतरले. "कुठं निघाले होते?" "वाशिमला, कामाला." "घाई हाय?" मी म्हणालो, आता न्हाई. तिथून आम्ही वाशिमच्या दिशेनं चालत निघालो, धुराला नाक लावून. दुकानात मी आजतागायत पोचलेलो नाही.

प्रा. सुखदेव खिल्लारे यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या अभ्यासावर, अध्यापनावर लिहिणारी मोठी माणसं आहेत. मी त्यांच्या वर्गात एक दिवसही बसलेलो नाही. मी त्यांचा हिंडता माणूस. तेव्हा मी जे लिहीन ते रस्त्यावरचं असेल, आणि मध्येच आडवाटेला गेलो तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. सरांनी सांभाळून घेतलंच आहे.

सर मूळचे आखाडा बाळापूरचे. वडील रस्त्याच्या कामावर मजुरी करायचे, खडी फोडायचे. घरात बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली सरांची शाळेची पुस्तकं, एवढीच काय ती श्रीमंती, असं सर स्वतःच सांगतात आणि लगेच विषय बदलतात. भूगोल घेऊन शिकले, हिंगोलीत कॉलेजात प्राध्यापक झाले. नव्वदच्या दशकात कधीतरी कॉलेजानं त्यांना हैदराबादला एका प्रशिक्षणाला पाठवलं. बरोबरचे प्राध्यापक सुटीच्या दिवशी शहर पाहायला गेले. सर एका टेबलावर उपग्रहानं काढलेलं मराठवाड्याचं मोठं छायाचित्र पसरून, भिंग घेऊन बसले. त्यात त्यांना सिद्धेश्वरचं धरण सापडलं, काळ्या पानासारखं. कयाधू सापडली. आणि त्यावरून तिरका गेलेला एक राखाडी पट्टा दिसला. त्यांनी शिकवणाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, कुठल्यातरी जंगलातल्या वणव्याचा धूर, दुर्लक्ष करा, जमीन पाहा.

सरांना ते दुर्लक्ष जमलं नाही. परत आल्यावर बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना म्हणाले, "आपल्या अंगणावर कोणाचा तरी धूर पडून राहिलाय, अन् आपल्याला पत्ता न्हाई." तिथून सरांच्या पायाला जी भिंगरी लागली ती सुटलेली नाही. त्या काळी चित्रं टपालानं यायची, तीही महिने उलटल्यावर. धूर तोवर गेलेला असायचा. सर म्हणतात, ती वर्षं म्हणजे पाहुणा निघून गेल्यावर दार उघडायला जाण्यासारखी होती.

हिंगोली वेगळा जिल्हा झाली, थोड्याच वर्षांत बसस्टँडसमोर खलीलभाईंचं इंटरनेटचं दुकान निघालं, आणि सरांचं आयुष्य बदललं. आता आज दुपारी उपग्रहानं टिपलेलं चित्र उद्या सकाळी हिंगोलीत पाहता येत होतं. फक्त ते एकदम उतरत नसे. वरून खाली, पट्टी-पट्टीनं यायचं. आधी विदर्भ, मग वाशिम, मग आपण, मग नांदेडकडचा भाग. एक पट्टी उतरली की सर खुर्चीतून उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. छापून घेतलं तर खलीलभाईंच्या यंत्रातून धूर आणि ढग एकसारखेच काळे निघायचे. म्हणून सरांनी स्वतःची पद्धत काढली. बटरपेपरचे तुकडे कापले, त्यांवर जिल्ह्याची हद्द, पूर्णा, कयाधू आणि सिद्धेश्वरचं धरण शाईनं काढून ठेवलं. चित्र उतरलं की कागद सरळ पडद्याच्या काचेवर धरायचा, धरणावर धरण जुळवायचं आणि पेन्सिलीनं धुराची कड गिरवून घ्यायची. एका दिवसाला एक कागद. घरी आल्यावर ओळीनं चार दिवसांचे कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावायचे. उजेडात धूर सरकताना दिसायचा. काकू म्हणाल्या, "लोकं खिडकीला पडदे लावतात, यांनी धूर लावलाय."

खलीलभाई वैतागायचे. "सर, काच पे पेन्सिल मत मारो, गिऱ्हाइक मेरे को बोलते."

"पुसून देतो, खलीलभाई."

"आप पुसते तो और फैलता."

पुढं खलीलभाईंनी नवा मोठा पडदा आणायचं ठरवलं तेव्हा मात्र सरांची झोप उडाली. सगळे बटरपेपर जुन्या पडद्याच्या मापाचे. सर रोज जाऊन विनवायचे. शेवटी खलीलभाईंनी तो जुना पडदा कोपऱ्यात ठेवूनच दिला, त्यावर कपडा टाकला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "ये सर का है, इसको हात नक्को लगाव." ही माणसं सरांनी कशी जोडली हे मला अजून नीट सांगता येत नाही. ती जोडली जातात, एवढं खरं.

माझं काम काय, तर कागदावर धूर जिथं दाखवला तिथं जायचं आणि पाहायचं. खरंच धूर होता का? वास कसला? जळालं काय, डोंगर की कापसाची पऱ्हाटी? मार्चात आमच्या भागात हळद शिजवतात. शेताशेतात मोठ्या कढया चढतात, खाली पऱ्हाट्या आणि पाला पेटतो, सगळा शिवार धुरकटतो. तो धूर कोणता आणि दुरून वाहत आलेला कोणता, हे वरून कळत नाही. त्यासाठी पायानं फिरणारा लागतो. लोक मला म्हणायचे, याला कुठं टिकून बसता येत नाही. सर म्हणाले, "मग बसू नका. मला हिंडणाराच पाहिजे." आपली जुनी मोपेड त्यांनी मला देऊन टाकली. सांगितलेल्या गावाला मी थेट कधीच पोचायचो नाही, वाटेत काहीतरी निघायचंच. सरांनी त्याबद्दल कधी बोल लावला नाही. परतल्यावर एवढंच विचारायचे, "वाटेत काय काय लागलं?" आणि मी सांगेन ते सगळं ऐकून घ्यायचे. चहा थंड व्हायचा. काकू दुसरा आणायच्या.

गावोगाव सरांना 'धुराचे सर' म्हणत. एकदा हापशीवर बायांनी त्यांना गाठलं. एक जण म्हणाली, "सर, त्या वरच्या यंत्रातून आमची न्हाणी बी दिसती काय?" सर म्हणाले, नाही हो, गावच मोहरीएवढं दिसतं. ती म्हणाली, "तरी बरं. न्हाईतर मालकाला म्हणणार होते, आधी न्हाणीवर पत्रे टाका, मंग बैल घ्या." सर ही गोष्ट भाषणातसुद्धा सांगत.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला बसलो तो सांगतो. सरांना विचारूनच लिहितो आहे. ते म्हणाले, "तेच लिहा. बाकीचं दुसरे लिहितील."

औंढ्याकडच्या डोंगररांगेत एक लहानसा तांडा आहे. वाडवडील बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडणारे, आता ही मंडळी डोंगरउतारावर शेती करतात. पण गाई त्यांनी सोडलेल्या नाहीत. उन्हाळ्यात त्या गाईंना डोंगरावरच्या झऱ्याशिवाय पाणी नाही, आणि झऱ्याकडं जायला वाट एकच. त्या वर्षी डोंगरावर गवताचा एक पट्टा जळून काळा झाला आणि पाठोपाठ दोन-तीन दिवस सगळ्या डोंगरावर दाट धूर बसला. पायथ्याचं गाव चिडलं. ते गवत त्यांनी राखलेलं होतं. गावाचं नाव इथं लिहीत नाही, आज त्या गावात सरांना फार मान आहे. गावानं ठरवलं की डोंगर गुरांना बंद करायचा, वाट काट्या टाकून अडवायची. पण कोणीतरी म्हणालं, धुराच्या सरांना विचारा, खरं-खोटं कळेल.

तेव्हा कॉलेजात परीक्षा चालू होत्या. सरांनी घाईत, डोंगरावर धूर दिसला त्या दिवसाचा बटरपेपर काढला आणि गावात गेले. कागदावर धुराचा पट्टा स्पष्ट होता. वाशिमकडं तो रुंद, खाली डोंगराकडं येता येता निमुळता, आणि डोंगरावर येऊन संपलेला. त्याच्या खालचा कागद कोरा. धूर जिथून निघतो तिथं निमुळता असतो आणि पुढं पसरत जातो, हे सर नेहमी सांगत. त्यांनी गावाला सांगितलं, "या दिवशी धूर या डोंगरावरून निघून वर वाशिमाकडं गेलेला दिसतो." तांड्याचं नावही त्यांनी घेतलं नाही. पण सरपंच म्हणाले, "डोंगरावर राहतं कोण? झालं तर मग." तिथल्या तिथं ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी वाटेवर बोरीबाभळीच्या काट्या पडल्या.

मी त्या दिवसांत इथं नव्हतो. सरांनी मला सिद्धेश्वरला पाठवलं होतं. तिथं मासे धरणाऱ्यांबरोबर एक रात्र राहिलो, मग त्यांचे मासे घेऊन जाणाऱ्या टेम्पोत बसून बाळापूरच्या बाजाराला गेलो, तिथून आणखी कुठं. हिंगोलीला परतलो तेव्हा सर नेहमीप्रमाणे म्हणाले, "वाटेत काय काय लागलं?" मी मासे सांगितले, टेम्पोवाल्याचं भांडण सांगितलं, आणि म्हणालो, बाळापूरच्या बाजारात लोक डोळे चोळत होते, एवढा धूर.

सरांचा हात थांबला. "बाजार कधीचा?"

मी सांगितलं. डोंगरावर धूर दिसला त्याच्या आदल्या दिवसाचा.

सर उठले. तो कागद काढला आणि खिडकीला लावला. मी मागं उभा होतो. सर बोटानं धुराची खालची कड दाखवत म्हणाले, "दत्ता, ही कड पाहा."

मी पाहिलं. बाकी सगळी कड वाकडीतिकडी, सुटलेली. खालची मात्र सरळ, आडवी, पट्टी लावून मारल्यासारखी.

"धुराला सरळ कड नसते," सर म्हणाले. "लाइट गेली होती."

भारनियमनाचे दिवस होते. चित्र वरून खाली उतरत होतं, डोंगरापर्यंत आलं आणि वीज गेली. तेवढंच गिरवून सर परीक्षेच्या घाईत कॉलेजात गेले. कागद कपाटात पडला. आठवड्यानं तो काढला तेव्हा खालचा कोरा भाग मोकळ्या आभाळासारखा दिसत होता. न पाहिलेलं आणि मोकळं, बटरपेपरवर दोन्ही सारखंच दिसतं. ही चूक दुसरीकडं कोणाची झाली नसती. मोठ्या शहरांत चित्रं पूर्ण उतरतात.

सर चप्पल घालायलाही थांबेनात. काकूंनी ती मागून फाटकापर्यंत आणून दिली. खलीलभाईंच्या दुकानात आम्ही पोचलो तेव्हा वीज जायची वेळ जवळ आलेली. जुन्या पडद्यावरचा कपडा ओढला, त्याच दिवसाचं चित्र पुन्हा मागवलं. पट्टी-पट्टीनं ते उतरू लागलं. विदर्भ आला. वाशिम आलं. सर दारापर्यंत जाऊन आले. खलीलभाई घड्याळ पाहत होते. डोंगर आला. मग त्याच्याखालची पट्टी आली, आणि धूर तिथंही होता. पुढच्या पट्टीतही होता. बाळापूरवरून, नांदेडच्या अंगानं, खाली आग्नेयेला निमुळता होत होत तो पार आंध्रच्या हद्दीतल्या जंगलात जाऊन थांबला, आणि तिथं आगीच्या लाल खुणा होत्या, ओळीनं. वाऱ्यानं तो आमच्यावर आणून सोडला होता. आमच्या डोंगरावरून तो फक्त गेला होता.

सरांनी काचेवर कागद धरला आणि गिरवला. खलीलभाई हळूच म्हणाले, "मारो सर, आज कितनी भी लकीर मारो."

मोपेडवर मागं सर बसले. मी विचारलं, आधी तांड्यावर जायचं का? सर म्हणाले, "न्हाई. बोललो गावात, तर गावातच परत घ्यायचं. तांड्यावर मग."

पारावर माणसं जमली. सर उभे राहिले आणि सरळ म्हणाले, "परवा मी सांगितलं ते चूक होतं. मी अर्धंच चित्र पाहिलं होतं आणि पूर्ण पाहिल्यासारखं बोललो."

सरपंच म्हणाले, "सर, परवा तुमीच व्हय म्हणले. आज तुमीच न्हाई म्हणून राहिले. उद्या काय म्हणान?"

मागून कोणीतरी टाकलं, "तांड्यावर काय खाल्लं, ते विचारा आधी."

लोक हसले. माझं डोकं फिरलं, पण सरांनी आवाज चढवला नाही. "परवा तुमच्याकडं पिठलं-भाकर खाल्ली. तवा कोणी विचारलं न्हाई, काहून?" आणखी थोडे हसले, पण आता हसण्याची बाजू बदलली होती. सरांनी कागद उन्हात धरला. लोकांना त्यातलं काही समजलं असं वाटलं नाही. मग सरांनी कागद गुंडाळून ठेवला आणि विचारलं, "डोंगरावर धूर दिसायच्या आदल्या दिवशी बाळापूरच्या बाजाराला कोण कोण गेलं होतं?"

चार-पाच हात वर झाले. पाराच्या खाली उभी असलेली एक बाई म्हणाली, "मी गेलते. डोळ्याला धार लागली व्हती. म्या म्हणलं मिरचीवाल्यानं पोतं झटकलं."

"सगळ्या बाजारात एकच मिरचीवाला होता काय?" सर म्हणाले.

"न्हाई नं. सगळेच खोकत व्हते."

"मग आपल्या डोंगराचा धूर डोंगराआधी बाळापूरला कसा गेला?"

ती बाईच सरपंचांकडं पाहून म्हणाली, "भाऊ, तुमी बी व्हते की बाजारात. घरी येऊन डोळ्यात गुलाबपाणी घातलं, वैनींनी सांगितलं मला."

सरपंच ओशाळले, पण अडून राहिले. "मग वरचं गवत कोणी जाळलं? ते तर जळालंच नं?"

"जळालं," सर म्हणाले. "कोणी, ते मला माहीत न्हाई. माझ्या कागदात ते न्हाई. जे दिसलं न्हाई ते मी आता सांगणार न्हाई. पण माझ्या शब्दावर वाट बंद झाली असेल, तर तो शब्द मी उचलून घेतो. बाकी तुमी ठरवा."

त्यांनी ठरवायची वाट सरांनी पाहिली नाही. सरळ डोंगराच्या वाटेला लागले. काट्यांच्या ढिगापाशी पोचल्यावर शर्टाच्या बाह्या मागं सारल्या आणि काटी ओढायला लागले. मी ओढू लागलो. हातातून रक्त निघालं. थोड्या वेळानं गावातले तिघं-चौघं आले. त्यांच्याकडं बेचकी असलेल्या काठ्या होत्या, त्यामुळं काम लवकर झालं. सगळ्यात शेवटी सरपंच आले आणि म्हणाले, "सर, तुमी बाजूला व्हा. हे तुमचं काम न्हाई." सर म्हणाले, "हे माझंच काम हाय."

वाट मोकळी झाली तेव्हा वरच्या बाजूला रामधन नाईक उभे होते, तांड्याचे नाईक. सर त्यांच्यापाशी गेले, झालं ते सांगितलं आणि हात जोडले.

नाईकांनी हात जोडले नाहीत. म्हणाले, "सर, तुमी माफी मागून राहिले, ठीक हाय. मी माणूस हाय, मला समजलं. पण गाई दोन दिवस या काट्यांपाशी येऊन हंबरत व्हत्या. त्यांना मी काय सांगू?"

सर खाली बसले, तिथंच, वाटेवर. नाईकांच्या हाकेसरशी मागून गाई आल्या आणि आमच्या अंगावरून, धूळ उडवत, झऱ्याकडं गेल्या. एकीनं सरांच्या खांद्याला ढुशी दिली. सर तसेच बसून राहिले. शेवटची गाय गेल्यावर नाईक म्हणाले, "उठा. आता पाणी आलं त्यांना. तुमी बी प्या." आम्ही त्यांच्या मागं झऱ्यावर गेलो आणि ओंजळीनं प्यालो. सरांच्या हातावरचे ओरखडे पाण्यानं चुरचुरत असणार.

गावानं ठराव पुढं नेला नाही. वनखात्याचे लोक नंतर येऊन पाहून गेले, त्यांनाही गवत कोणी जाळलं ते कळलं नाही. वाट अजून खुली आहे. नाईकांच्या मुलानं पुढं मोबाइल घेतला. आता दरवर्षी फाल्गुनात डोंगरावर पहिला धूर बसला की सरांना पहिला फोन तांड्यावरून येतो. नाईक नमस्कार-चमत्कार करत नाहीत. म्हणतात, "सर, आला. वास लाकडाचा हाय. लाइट हाय काय तुमच्याकडं?"

त्या दिवसानंतर सरांच्या प्रत्येक बटरपेपरवर एक जाड रेघ असते. चित्र जिथपर्यंत उतरलं तिथं ती मारायची आणि तिच्याखाली लिहायचं, 'इथपर्यंत पाहिलं'. चित्र पूर्ण उतरलं असेल तर रेघ कागदाच्या अगदी खालच्या कडेला येते, पण येतेच. आता मोठ्या शहरांतले अभ्यासक सरांचे कागद मागवतात. त्यांतल्या एकांनी विचारलं होतं की ही रेघ कशाची. सरांनी त्यांना सगळी गोष्ट सांगितली, काट्यांसकट. स्वतःची चूक इतकी तपशीलवार सांगणारा दुसरा माणूस मी हिंडलेल्या एवढ्या मुलखात मला भेटलेला नाही, आणि मी बराच हिंडलो आहे.

सर साठीचे झाले तरी त्यांच्या पायातली ती जुनी तगमग गेलेली नाही. सत्काराची गोष्ट काढली तेव्हाही ते खुर्चीतून उठून खिडकीशी गेले आणि म्हणाले, "माझ्याबद्दल लिहिताना जे पाहिलं तेवढंच लिहा." म्हणून त्यांच्याच रीतीनं मी इथं जाड रेघ मारतो. एवढी वर्षं सरांच्या मागं मोपेड फिरवून मी इथपर्यंत पाहिलं. या रेघेच्या खाली कागद कोरा दिसतो आहे, पण कोरा म्हणजे रिकामा नव्हे हे आम्ही सगळे सरांकडूनच शिकलो. तिथं अजून पुष्कळ काही उतरायचं आहे. सरांच्या छातीत मोकळी हवा खेळत राहो, डोळ्यांना बटरपेपरवरची बारीक कड दिसत राहो, काकूंच्या हातचा दुसरा चहा त्यांना रोज मिळत राहो. आणि आमची एवढीच इच्छा आहे की मध्ये लाइट जाऊ नये. चित्र असंच सावकाश, पट्टी-पट्टीनं, कागदाच्या अगदी खालच्या कडेपर्यंत उतरू दे.